सार्वजनिक विद्यापीठ : नियोजन आणि गुणवत्तेचा मागोवा
(प्रस्तावना)

शिक्षणसंस्थेने आपला आराखडा आपणच करावा, हा विचार भारतात चिकाटीने मांडणारे जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. आराखडे राजधानीत आखायचे आणि शाळा-महाविद्यालयांनी ते फक्त राबवायचे, ही रीत त्यांना मान्य नव्हती. संस्थेने आधी आपल्याजवळ काय आहे ते पाहावे, असे ते सांगत. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षकांचे श्रम यांतून जास्तीत जास्त काय साधेल ते ठरवावे. नव्या पैशांची मागणी त्यानंतर करावी. त्याच सुमारास, १९६६-६७ मध्ये, धनंजयराव गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि त्यानंतर ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. विद्यापीठाचा विचार आणि देशाच्या नियोजनाचा विचार एकाच माणसाने तितक्याच गांभीर्याने करावा, अशी परंपरा आपल्याकडे आहे. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला ती आधी सांगावीशी वाटते, कारण आज हा विषय त्याच्यापुढे येतो तो तक्ते आणि शेवटच्या तारखा यांच्या रूपाने.

विभागात वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या प्राध्यापकाला एक दिवस पत्र येते: अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक म्हणून आपली नेमणूक करण्यात येत आहे. त्या दिवसापासून त्याची भाषा बदलते. नॅकसाठी (राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद) स्वयंमूल्यमापन अहवाल, तिलाच दरवर्षी द्यायचा एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल), एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीची माहिती, ‘आयशे’ या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाची माहिती, शासनाची परिपत्रके. नॅक १९९४ मध्ये स्थापन झाली, ‘आयशे’ची पाहणी २०१०-११ पासून सुरू झाली, एनआयआरएफ २०१५ मध्ये आले. तिघांचे नमुने वेगळे आणि व्याख्याही वेगळ्या. त्यामुळे एकाच विभागाची विद्यार्थिसंख्या तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी भरावी लागते, आणि समन्वयकाचा पहिला उन्हाळा त्या तीन आकड्यांचा मेळ घालण्यातच सरतो. ही मेहनत खरी आहे, आणि तिच्याकडे कारकुनी म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. पण हा विषय तेवढाच आहे असा समज झाला, तर चांगली माणसे त्यातून लवकर बाहेर पडतात. असे होताना मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि ही प्रस्तावना लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या नियोजनाला कायद्याचा पाया आहे. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १०७ नुसार प्रत्येक विद्यापीठाने दर पाच वर्षांसाठी बृहत् आराखडा तयार करायचा असतो. तो अधिष्ठाता मंडळ करते. नवे महाविद्यालय कुठे व्हावे, कोणत्या तालुक्यात विज्ञान शाखा नाही, कुठे कौशल्याचे अभ्यासक्रम हवेत, हे त्यात ठरते. आराखड्यात स्थळबिंदू, म्हणजे नव्या महाविद्यालयासाठी निश्चित केलेले ठिकाण, नसेल तर तिथे महाविद्यालयाचा प्रस्तावच पुढे जात नाही. स्थळबिंदू असेल तर प्रस्ताव, छाननी, इरादापत्र आणि मग परवानगी, असा क्रम असतो. ‘आयशे’च्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे महाराष्ट्रात ४,६०० हून अधिक महाविद्यालये आहेत आणि संख्येत उत्तर प्रदेशानंतर आपलाच क्रमांक लागतो. यांतली बहुतेक कोणत्या तरी सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे विद्यापीठाचा मोठा भाग त्याच्या मुख्य आवाराच्या बाहेर, तालुक्याच्या गावी असतो.

नकाशा समोर ठेवल्याशिवाय या आराखड्याचे मोल कळत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २०११ मध्ये नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन त्यांच्यासाठी गोंडवाना विद्यापीठ झाले. गडचिरोली जिल्ह्यातल्याच सिरोंच्याहून गडचिरोली शहर सुमारे २०० किलोमीटर. नागपूर त्याच्याही पुढे दीडशेहून अधिक किलोमीटर. एका गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करून घ्यायला सिरोंच्याच्या मुलीला किती दिवस आणि किती पैसे लागत असतील, याचा हिशेब केला की विद्यापीठाची हद्द आखणे हाही गुणवत्तेचाच निर्णय ठरतो. अंतर कमी करणे, एखादे काम तालुक्यालाच होईल अशी सोय करणे, हे नॅकच्या सात निकषांपैकी कशात बसते याची चर्चा नंतर करता येईल.

आता मुद्द्याकडे येतो. नियोजन आणि गुणवत्तेचा मागोवा या दोन्हींचा कस एकाच प्रश्नावर लागतो: हा आकडा कोणासाठी आहे, आणि तो पाहून कोण काय करू शकतो? सार्वजनिक विद्यापीठात अधिकार विखुरलेले असतात. अध्यापकांची पदे शासन मंजूर करते, पदभरतीला परवानगीही शासनच देते. महाविद्यालय संस्थाचालक चालवतात. अभ्यासक्रम विद्या परिषदेत मंजूर होतो, परीक्षा विद्यापीठ घेते. आणि मागोवा मात्र सगळ्यांचा मिळून एकाच तक्त्यात घेतला जातो. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण वाईट आहे म्हणून विभागप्रमुखाला जाब विचारला जातो. त्याच्या विभागातली मंजूर पदे रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर अध्यापन चालले आहे, यात त्याच्या हाती काय आहे? तो आकडा मंत्रालयात, ज्या टेबलावर पदभरतीची फाईल आहे तिथे जायला हवा. ज्याच्या हाती उपाय नाही त्याच्याकडून आकडा मागितला की तो माणूस आकडा सजवतो. त्याला दुसरे करण्यासारखे काही उरलेले नसते.

याच्या उलट, विद्यापीठाच्या हातात असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांकडे नजर कमी जाते. समजा, एका कला महाविद्यालयात प्रथम वर्षाला ६० मुलींनी प्रवेश घेतला आणि तिसऱ्या वर्षाला ३५ राहिल्या. वार्षिक अहवालात तिसऱ्या वर्षाचा निकाल येतो आणि तो ३५ पैकी मोजला जातो. उरलेल्या २५ जणींचा उल्लेख कुठेच होत नाही. त्यांच्यातल्या काहींची लग्ने झाली असतील, काही एका विषयाच्या एटीकेटीत अडकून घरी बसल्या असतील. बीड जिल्ह्यातली गोष्ट असेल तर काही जणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेल्या असतील. तोडणीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा बहुधा त्याच काळात येतात. परीक्षेचे वेळापत्रक शासन ठरवत नाही, संस्थाचालकही ठरवत नाहीत. ते विद्यापीठच ठरवते. तेव्हा या २५ जणींचा आकडा परीक्षा विभागापर्यंत, परीक्षा व मूल्यमापन मंडळापर्यंत पोहोचला तर त्यावर निर्णय होऊ शकतो. तो पोहोचवणे हेच गुणवत्ता कक्षाचे काम. माझ्या मते एखाद्या कक्षाने वर्षभरात असा एक आकडा योग्य टेबलावर नेला आणि त्यातून एक वेळापत्रक बदलले, तर त्या वर्षाचे काम झाले असे म्हणावे.

नियोजन चुकले की काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळ्यात सोसले. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत त्या सत्रात सर्व विद्याशाखांना एकाच वेळी लागू केली गेली. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख. कल्पनेत वाईट काही नव्हते. गैरप्रकार थांबावेत, तपासणी वेगाने व्हावी हा हेतू योग्यच होता. पण एका विद्याशाखेत आधी करून पाहणे, शिक्षकांना पुरेसे प्रशिक्षण देणे, स्कॅनिंगचा वेग आणि उत्तरपत्रिकांची संख्या यांचे गणित मांडणे, ही पूर्वतयारी तोकडी पडली. कायद्याप्रमाणे निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. इथे कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. परदेशी विद्यापीठांत प्रवेश ठरलेली मुले गुणपत्रिकेवाचून खोळंबली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा व्यक्तींभोवती फिरते. या क्षेत्राच्या अभ्यासकाने त्यातून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: निर्णय आणि अंमलबजावणी यांच्या मधल्या आठवड्यांत धोक्याची सूचना देणारा आकडा कोणाकडे होता, आणि तो वर जाण्याची वाट होती का?

मोजमापाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखवले, की नियंत्रणासाठी वापरलेले माप त्या वापरामुळेच बेभरवशाचे होत जाते. मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांनी १९९७ मध्ये तोच मुद्दा ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या लेखापरीक्षणाला लावला. आपल्याकडे याचे पुरावे शोधायला लांब जावे लागत नाही. श्रेणी वाढवायची म्हणून समितीच्या भेटीआधी भिंती रंगतात, चालू वर्षातच मागील तारखांची इतिवृत्ते लिहिली जातात, विद्यार्थ्यांचे अभिप्राय एकाच हस्ताक्षरात भरले जातात. २०२५ च्या फेब्रुवारीत तर नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना लाचेच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली. २०२४ मध्येच श्रेणीपद्धती बदलून ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘अमान्य’ अशी दोन टोकांची रचना आणण्याचा निर्णय जाहीर झाला होता. रचना बदलल्याने काही दोष जातील. मात्र ज्या आकड्यावर अनुदान, जाहिरात आणि प्रतिष्ठा टांगलेली आहे, तो आकडा प्रामाणिक राहावा अशी अपेक्षा केवळ रचनेकडून करता येत नाही. त्यासाठी विद्यापीठाच्या आत असे आकडे लागतात जे बाहेर कोणालाही दाखवायचे नाहीत, जे फक्त विभागाच्या बैठकीत, दार लावून, मोकळेपणाने वाचायचे आहेत. असा एक आतला आणि एक बाहेरचा हिशेब ठेवण्याची प्रथा आपल्याकडे रुजलेली नाही. ती रुजवावी, असे मी आग्रहाने म्हणतो.

या विषयाकडे वळणाऱ्यांत शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी असतील, नव्याने समन्वयक झालेले प्राध्यापक असतील, अधिसभेवर निवडून आलेले पदवीधर असतील, विद्यापीठ कार्यालयातले कक्ष अधिकारी असतील. शेवटच्यांचे मी विशेष स्वागत करतो. जुन्या नोंदवह्या कुठे आहेत, कोणत्या वर्षी नियम बदलला म्हणून आकडा घसरला, कोणत्या महाविद्यालयाचा प्रस्ताव दरवर्षी का परत येतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि नियोजनाच्या पुस्तकांत त्यांचा आवाज जवळजवळ नाही.

आपल्या विद्यापीठाचा २०२४ ते २०२९ चा बृहत् आराखडा मिळवा. त्यात आपला तालुका शोधा, तिथले स्थळबिंदू पाहा आणि पाच वर्षांपूर्वीच्या आराखड्यात तिथे काय लिहिले होते, त्यातले काय झाले ते ताडून पाहा. पुढच्या आराखड्याची तयारी २०२९ च्या आधीच सुरू होईल. त्या वेळी सूचना मागवल्या जातील तेव्हा तुमची सूचना लेखी आणि आकड्यांसह पाठवा.