एडिंबरोची पिचकारी

इ. स. १८५३ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो नगरीत डॉ. अलेक्झांडर वुड यांनी मज्जाशूळाने व्याकूळ झालेल्या एका वृद्धेस पोकळ सुईच्या पिचकारीने मॉर्फिन टोचले. डब्लिनच्या फ्रान्सिस रिंड यांनी त्यापूर्वीच, १८४४ मध्ये, त्वचेखाली औषध सोडले होते. परंतु या उपचाराचा बोलबाला झाला तो वुड यांच्या १८५५ मधील लेखामुळे. अफू पोटात गेली नाही म्हणजे तिची चटक लागणार नाही, अशी भाबडी समजूतही तेव्हा अनेक वैद्य बाळगून होते. वुड यांची पत्नीच या पिचकारीचा पहिला बळी, ही कथा मात्र निखालस खोटी. ती बाई पतीच्या पश्चातही हयात होती.

त्याच नगरीत सव्वाशे वर्षांनी एक विलक्षण प्रकार घडला. १९८० नंतर तेथील गरीब वस्त्यांत हेरॉइन स्वस्त झाले आणि बेकार तरुण ते शिरेत टोचून घेऊ लागले. व्यसनाला आळा बसावा या सद्हेतूने पिचकाऱ्यांची विक्री जवळजवळ बंद पाडण्यात आली; पोलीस खिशात सापडलेली पिचकारी जप्त करीत. परिणाम काय झाला? हेरॉइन मिळतच राहिले, सुया तेवढ्या दुर्मिळ झाल्या. एकेका खोलीत अनेकजण जमून एकच पिचकारी हातोहात फिरवू लागले.

येथे पिचकारीची रचना ध्यानी घेतली पाहिजे. शीर सापडली की नाही हे पाहण्यासाठी टोचणारा थोडे रक्त नळीत ओढतो. दट्ट्या पुरता दाबला तरी सुईच्या पोकळीत त्याचा अंश उरतोच, आणि तो पुढच्याच्या शिरेत जातो. एड्सचा विषाणू अशा सुकल्या-ओल्या रक्तात कित्येक दिवस तग धरतो. १९८९ साली ओळखला गेलेला काविळीचा ‘सी’ विषाणू तर प्रयोगशाळेत पिचकारीमध्ये दोन महिन्यांपर्यंत जिवंत आढळला आहे. सुई स्वतःची असली, पण द्रव्य कालवण्याचा चमचा, पाणी किंवा गाळण्याचा कापूस सामाईक असला, तरीही हा ‘सी’ विषाणू शिरकाव करू शकतो.

डॉ. रॉय रॉबर्टसन व त्यांचे सहकारी एडिंबरोच्या एका वस्तीत वैद्यकी करीत. काविळीच्या तपासासाठी राखून ठेवलेले रक्ताचे नमुने त्यांनी नव्या चाचणीने पाहिले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार १६४ व्यसनींपैकी निम्म्याहून अधिकांस, ५१ टक्क्यांस, एड्सच्या विषाणूची बाधा झालेली होती. जेमतेम पंचेचाळीस मैलांवरील ग्लासगोतही हेरॉइन होते. तेथे हे प्रमाण फारच कमी निघाले. दोन्ही शहरांतील माणसे वेगळी होती म्हणून नव्हे. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या मॅक्लेलंड समितीने निर्जंतुक सुया पुरविण्याची शिफारस केली, व पुढील वर्षी जुन्या सुया घेऊन नव्या देण्याची केंद्रे उघडली. ॲमस्टरडॅममध्ये व्यसनींच्याच संघटनेने हे काम काविळीच्या धास्तीने १९८४ मध्येच आरंभिले होते.

हा धडा आपल्या देशास नवा नव्हता, तरी तो पुन्हा गिरवावा लागला. ब्रह्मदेशालगतच्या मणिपुरात १९८९-९० च्या सुमारास, काही महिन्यांच्या अवधीतच, टोचून घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे बाधित आढळले. अशा लोकांना स्वच्छ सुई देणे हा गुन्हा ठरणार नाही, असे संरक्षण भारतीय कायद्यात आले ते २०१७ साली.