कप्तान कोण होणार?

हायस्कूलच्या मुलांना खेळ आणि कलेतून 'सॉफ्ट स्किल्स' शिकवा, असा सूर सध्या सगळीकडे लागला आहे. संघभावना, नेतृत्व, संवादकौशल्य. जणू 2020 च्या शैक्षणिक धोरणाआधी हे कुणाला ठाऊकच नव्हते! या मंडळींना आम्ही आमचा इतिहास सांगू इच्छितो.

20 जुलै 1924 रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. 4 जानेवारी 1925 रोजी सभेने सोलापुरात अस्पृश्य समाजातील हायस्कूल विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. तिथली मुले नुसता अभ्यास करून थांबली नाहीत. त्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर गिरवायची बंदी होती, ती पोरे लेख लिहू लागली, मासिकाची जबाबदारी पेलू लागली. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले आणि महार हॉकी क्लबही. तरुणांनी दारू-जुगाराकडे वळू नये, हा त्यामागचा हेतू होता. वह्या-पुस्तकांइतकीच हॉकीची काठी चळवळीला महत्त्वाची वाटली, हे आपण विसरता कामा नये.

पण मैदानात उतरले की जात आपोआप गळून पडते, हा भाबडेपणा आमच्याकडे नाही. पळवणकर बाळू यांना पुण्यात हिंदू संघातले खेळाडू चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात देत. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. संघाला बाळूंची गोलंदाजी हवी होती, त्यांचे नेतृत्व नको होते. मग संघभावना नेमकी कुणी शिकायला हवी होती?

म्हणून आमचा सवाल साधा आहे. शाळेच्या संघाचा कप्तान कोण होतो? स्नेहसंमेलनात माईक कुणाच्या हाती असतो आणि सतरंज्या कोण उचलतो? शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत 100 पेक्षा जास्त मुले असलेल्या शाळेत कला आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. ते तुमच्या गावच्या शाळेत आहेत का? जाऊन विचारा.

कंपनीत साहेबापुढे गोड बोलता यावे, एवढ्यासाठी आम्हाला ही कौशल्ये नकोत. सोलापूरच्या त्या पोरांसारखे आपल्या मुलांनी स्वतःच्या नावाने लिहावे, ताठ मानेने बोलावे आणि वेळ आली की कप्तानपदही मागावे, यासाठी ती हवी आहेत.

जय भीम!