मागील सोडणे आणि मागील जपणे

इ. स. १९०७ साली जळगाव येथे महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. धरणगावच्या एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तेथे कविता म्हटली आणि अध्यक्षांनी त्यास ‘बालकवी’ ही पदवी दिली. ही हकीकत खानदेशात सर्वश्रुत आहे. परंतु हा मुलगा, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, पुढे काही काळ तेव्हाच्या अहमदनगरास ज्यांच्या घरी राहिला, ते गृहस्थ रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, याचा विचार फारसा होत नाही. त्या काळी धर्मांतर केलेल्या मनुष्याच्या हातचे पाणी स्वकीयांस चालत नसे. अशा काळी एक हिंदू मुलगा या घरात घरचा म्हणून वावरतो, हे घडले तरी कसे? या प्रश्नाच्या उत्तरात टिळक दांपत्याच्या आत्मिक जीवनाचे बरेचसे मर्म आहे.

मागील गोष्टी विसरून पुढील गोष्टींकडे धाव घ्यावी, असा उपदेश पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात केला आहे. उपदेश सोपा दिसतो. कठीण आहे ते ‘मागील’ म्हणजे काय हे ठरविणे. महाराष्ट्रातील आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी त्याचा अर्थ बहुधा सरसकट केला. १८५४ साली बेळगावास बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी यांच्या पिढीस जुन्या धर्माचे खंडन हे नव्या श्रद्धेचे पहिले कर्तव्य वाटे. टिळकांचा मार्ग निराळा झाला.

टिळकांचा जन्म १८६१ चा. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या चित्ताचा ठाव घेतला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांस रोख मोजावी लागली. जात गेली, आप्त दुरावले, पत्नी व लहान मुलगा यांची काही वर्षे ताटातूट झाली. एवढे गमावूनही एक ठेव त्यांनी सोडली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पलीकडे पोहोचल्यावर तो पूल पाडून टाकावा, असे त्यांच्या मनात कधी आले नाही.

लक्ष्मीबाईंची वाट याहून बिकट होती. सोवळ्याचे वेड त्यांच्या माहेरी पराकोटीस गेलेले होते; बाजारातून आणलेले जिन्नसही त्यांचे वडील धुतल्यावाचून घरात घेत नसत. त्या ताटातुटीनंतर पतीकडे आल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. टिळकांनी त्यास आडकाठी केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंच्याच मनात प्रश्न उभा राहिला की, हा जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर सापडताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. मग १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी विटाळाचे भय गेले आणि मागाहून श्रद्धा आली. पतीच्या आग्रहाने त्यांनी सोवळे टाकले असते, तर ते भय आत तसेच राहिले असते आणि वर केवळ नाव बदलले असते.

येथवरची कथा एका त्यागाची आहे, आणि बहुतेकांच्या आयुष्यात ती येथेच संपते. टिळकांच्या बाबतीत तसे झाले नाही. मिशनच्या पगारी सेवेत त्यांस वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. नाव झाले होते, मान मिळाला होता. १९१७ साली त्यांनी ती सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांसही स्थान होते. एकदा मोठा त्याग केला की मनुष्य त्याच त्यागाच्या आठवणीवर जगू लागतो, आणि कालचे धैर्य आजचे आसन होऊन बसते. टिळकांनी तेही आसन सोडले. येशूचे नाव परदेशी पेहरावात आपल्या लोकांपुढे येते, या जाणिवेने त्यांनी भजन-कीर्तनाचा देशी मार्ग अधिक निष्ठेने धरला.

म्हणजे टिळकांच्या लेखी ‘मागील’ हे पंचांगावरून ठरत नव्हते. माणसास माणसापासून तोडणारे जे, मग ते जुने सोवळे असो वा नव्या धर्मातील प्रतिष्ठा असो, ते टाकण्याजोगे; जोडणारे जे, ते कितीही प्राचीन असले तरी जपण्याजोगे. कोणी म्हणेल, अशाने धर्मांतराची धार बोथट होते. परंतु ज्याने घरदार गमावून ही निवड केली, त्याच्या निष्ठेविषयी शंका घेणे अवघड आहे. ठोमऱ्यांस त्या घरात जागा मिळाली ती याच विवेकामुळे. ते शेवटपर्यंत हिंदूच राहिले, आणि टिळकांच्या स्नेहास त्याची अडचण वाटली नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्यांस शाळा ठाऊक नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी पुढील साठांहून अधिक अध्याय रचून ते पुरे केले. कथा ख्रिस्ताची, छंद मात्र आपल्या आयाबायांच्या मुखातील ओवीचा. जे टाकावयाचे ते त्यांनी केव्हाच टाकले होते. हाती उरले ते हे होते.