काठीची बंदूक

शहागड हे माझं गाव. अंबड तालुक्यातलं, गोदावरीकाठचं. आज सोलापूर-धुळे महामार्गावरच्या वाहनांनी ते जागं होतं. माझ्या लहानपणी पहाटे आधी अजान ऐकू यायची, मग नदीवरच्या पाखरांचा कलकलाट, आणि मग माजघरात आजोबांच्या पावलांची चाहूल. आजोबा नेमबाजीचा सराव करत असायचे. घरातल्या घरात, आणि बंदुकीशिवाय.

निजामाच्या राजवटीत त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. 'बारा'चा अर्थ मला फार उशिरा कळला. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड होईल तेवढं या नळीचं तोंड. साधारण साडेअठरा मिलिमीटर. पण तिच्यातून सहसा एक गोळी सुटत नाही, छर्ऱ्यांचा झोत सुटतो. रायफलवाला स्थिर लक्ष्यावर माशी जुळवतो. छर्ऱ्यांची बंदूक उडत्या पाखरासाठी. तिथं दोन्ही डोळे उघडे ठेवून नळी पाखराच्या वेगानं, त्याच्या थोडी पुढं फिरवायची, आणि चाप ओढल्यावरही हात थांबू द्यायचा नाही.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्याआधी रझाकारांच्या बंदुकांनी लोकांना छळलं होतं. त्यानंतर सूडाचे दिवस आले. आजोबांची बंदूक जमा झाली ती परत आली नाही. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. "घरात बंदूक असण्याची भीती होती अन् नसण्याचीही," एवढंच म्हणायचे.

सराव मात्र सुटला नाही. हातात बाभळीची काठी, तिच्या टोकाला सुतळीनं बांधलेली बॅटरी. भिंत आणि माळवद जिथं मिळतात त्या सांध्याच्या रेघेवरून उजेडाचा ठिपका या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा. काठी आधी गालाला लागली पाहिजे, मग खांद्याला. मान खाली झुकवायची नाही, वळायचं ते कमरेतून. हात हिसकला की ठिपका रेघ सोडून उडायचा. चूक भिंतीवरच दिसायची.

पुढं वाचनातून कळलं, जगभरचे नेमबाज हेच करतात. स्कीट प्रकारात तबकडी दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता कमरेशी ठेवावा लागतो. नेमबाजानं हाक दिल्यावर ती शून्य ते तीन सेकंदांत केव्हाही सुटते. अकरा सेंटिमीटरची ती तबकडी हवेत असताना दस्ता गालाला कसा लावायचा याचा विचार करायला वेळ कुठला? ते घरीच, रिकाम्या बंदुकीनं, हजारदा करून अंगात मुरवावं लागतं. तबकडीच्या किती पुढं नळी न्यायची, तो अंदाज मात्र मैदानावरच येतो.

आपल्याकडे बिकानेरचे महाराजा कर्णी सिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचं रौप्य आणलं. २०२४ साली पॅरिसला माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं स्कीटमधलं कांस्य ४४ विरुद्ध ४३, म्हणजे एका तबकडीनं हुकलं. दरम्यान १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पाखरांच्या शिकारीला आळा बसला होता. आजोबांना त्याचं वाईट वाटलं नाही. पाखरू पाडण्याची हौस त्यांच्यातून केव्हाच गेली होती.

मी दहा वर्षांचा असेन. आजोबांची काठी उचलली आणि अंगणात भांडी घासणाऱ्या आपावर गमतीनं रोखली. तोंडानं "ठो" केलं. आजोबांनी काठी काढून घेतली. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. "लकडी है तो क्या हुआ? सामने तो आदमी है ना!" म्हणाले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी काठी हातात दिली आणि पहिला धडा दिला: उचलण्याआधी टोकापलीकडं काय आहे ते बघायचं.

आता ते माळवद गेलं, स्लॅब आला. काठी दाराआड उभी आहे. तिच्या टोकाशी सुतळीचा काच अजून दिसतो. कधी पहाटे जाग आली की मी ती घेतो, आधी दारात कुणी उभं नाही ना ते बघतो, आणि मग गालाला लावतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)