‘महरत्तेन्सिस’ : दख्खनच्या पक्ष्यांचीं नांवें व कर्नल साइक्स याच्या याद्या

(१)

इतिहाससंशोधनांत नांवाचें महत्त्व किती, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. सनदेंतील एका गांवाचें नांव चुकीचें वाचलें गेलें तर लढाईचें ठिकाण वीस कोस सरकतें, आणि आडनांवाच्या घोळानें दोन घराणीं एक होऊन बसतात. परंतु मनुष्यांच्या व गांवांच्या नांवांविषयीं आपण जी दक्षता बाळगतों, ती पशुपक्ष्यांच्या नांवांविषयीं बाळगीत नाहीं. पोथींत ‘खंजन’, ‘चाष’, ‘भरद्वाज’ असे शब्द आले म्हणजे ‘पक्षिविशेष’ एवढी टीप देऊन संपादक पुढें जातो. संस्कृत शिकवितांना प्रस्तुत लेखकानेंही वर्षानुवर्षें हेंच केलें, हें प्रथम कबूल केलें पाहिजे.

या विषयाकडे लक्ष जाण्याचें कारण असें घडलें. सेनगांव येथें कयाधू नदीच्या काठीं बाभळीच्या झाडावर बसलेल्या एका लहान सुतारपक्ष्याचें छायाचित्र एका जुन्या विद्यार्थ्यानें काढून आणिलें. कपाळ पिंवळें, डोक्यामागें तांबडा पट्टा, पाठीवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची नक्षी आणि पोटावर एक लाल डाग. तांबड्या पट्ट्यावरून तो नर, हें त्यानेंच सांगितलें. पुढें त्यानें पक्ष्याचें शास्त्रीय नांव वाचून दाखविलें : ‘लिओपिकस महरत्तेन्सिस’. ‘महरत्तेन्सिस’ म्हणजे मराठ्यांच्या देशांतला. हें नांव कोणीं, केव्हां व कशावरून दिलें, असें त्यानें विचारलें, व त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर शोधतांना जें हातीं लागलें तें येथें मांडलें आहे.

(२)

‘महरत्तेन्सिस’ हें विशेषण धारण करणारे तीन पक्षी आहेत. पहिला वर सांगितलेला सुतार. त्याला हें नांव जॉन लॅथम या इंग्रज वैद्यानें आपल्या पक्षिसूचीच्या १८०१ सालच्या पुरवणींत दिलें. लॅथम हिंदुस्थानांत कधींही आला नव्हता. त्यानें इंग्लंडांत बसून, तेथें आलेले नमुने व चित्रें यांवरून शेंकडों पक्ष्यांचें नामकरण केलें. सन लक्षांत घेण्याजोगा आहे. १८०१ सालीं दुसरा बाजीराव गादीवर होता आणि वसईचा तह अजून व्हावयाचा होता. म्हणजे मराठ्यांचें राज्य नांदतें असतांनाच त्यांच्या देशाचें नांव एका पक्ष्याच्या द्वारें लॅटिन ग्रंथांत शिरलें. राज्य १८१८ सालीं गेलें, नांव राहिलें.

दुसरा पक्षी रातवा कुळांतला, ‘कॅप्रिमल्गस महरत्तेन्सिस’. आणि तिसरी जंगली मैनेची दक्षिणेकडील उपजात, ‘ॲक्रिडोथेरिस फस्कस महरत्तेन्सिस’. हीं दोन्ही नांवें १८३२ सालचीं असून कर्नल विल्यम हेन्री साइक्स याचीं आहेत.

या तिघांच्या आजच्या वसतिस्थानांचा विचार केला असतां एक गोष्ट ध्यानांत येते. सुतार आपल्या कोरड्या माळरानांत बारमास राहणारा; परंतु मराठी मुलखाबाहेरही हिंदुस्थानांत फार दूरवर आढळतो. मैनेची ती उपजात मुख्यत्वें सह्याद्रीच्या आश्रयानें राहते. तिच्या डोळ्यांचा निळसर करडा रंग ही तिची खूण, उत्तरेकडील मैनेचे डोळे पिंवळे असतात. आणि रातव्याची तर मौज आहे. हा पक्षी वीण करतो सिंध, राजपुताना व त्यापलीकडील इराण-अफगाणिस्थानच्या रुक्ष प्रदेशांत. दख्खनमध्यें तो केवळ हिंवाळी पाहुणा. तरी नांवानें तो मराठा! नांवावरून नमुना कोठें सांपडला एवढेंच कळतें. मूळ घर कोठें तें कळत नाहीं. आडनांवांवरून कुलांचीं मूळ गांवें ठरविणाऱ्यांनीं हा दाखला जवळ ठेवावा.

(३)

साइक्स हा गृहस्थ आपणांस सर्वस्वीं अपरिचित नाहीं. १७९० सालीं जन्मलेला हा मनुष्य लहान वयांतच कंपनीच्या मुंबई फौजेंत दाखल झाला. १८१७ सालच्या खडकी व पुणें येथील लढायांत तो एतद्देशीय शिपायांच्या तुकडीवर होता, आणि नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेंतही होता. वेरूळच्या लेण्यांवर त्यानें निबंध लिहिला, तो १८२३ सालीं मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत छापला गेला. १८२४ सालीं एल्फिन्स्टनच्या सरकारनें त्याला मुलखाची खानेसुमारी व माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलें. पुढें काटकसरीसाठीं ती जागा मोडण्यांत आली, तरी त्यानें हातचें काम १८३१ च्या आरंभापर्यंत पुरें केलें व मग विलायतेस गेला. तेथें तो कंपनीचा डायरेक्टर, पुढें अध्यक्ष, रॉयल एशियाटिक सोसायटीचा अध्यक्ष व पार्लमेंटचा सभासद झाला. १८७२ सालीं वारला.

पुणें, नगर, खानदेश व धारवाड या चार कलेक्टरीच्या मुलखांत फिरतांना त्यानें पिकें, पर्जन्य, वतनें, वजनेंमापें यांबरोबर पशुपक्षीही टिपले. त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढें आली. तींत त्यानें नवीन म्हणून दिलेल्या नांवांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग आश्रयदात्यांचा व स्नेह्यांचा. करड्या सातभाईला ‘माल्कमी’ हें नांव मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याचें. सह्याद्रींतील तांबड्या शिंजिराला ‘व्हिगॉर्साय’ हें त्या सोसायटीचा चिटणीस व्हिगॉर्स याचें. ओढ्याकांठच्या ढोकरीला ‘ग्रेयी’ हें ब्रिटिश म्यूझियममधील ग्रे याचें. हा प्रकार आपल्याकडील पेठांच्या नांवांसारखाच आहे.

दुसरा वर्ग देशवाचक व देववाचक. ‘महरत्तेन्सिस’ वर आलेंच. घारीला त्यानें ‘गोविंदा’ म्हटलें आणि शेंडीवाल्या एका चंडोलास ‘देवा’.

तिसरा वर्ग आपल्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा. हळद्यास ‘कुंडू’, माळावरील लाव्याच्या एका जातीस ‘अर्गुंडा’, खाटिकास ‘लाहटोरा’ अशीं नांवें त्यानें दिलीं. तिसरा शब्द हिंदींतील लटोराच होय. यांना लॅटिन धातु नाहीं. देशी बोलींतील शब्द जसा कानीं पडला तसा रोमन लिपींत बसविलेला आहे.

ही पद्धति त्याच्या मत्स्यसूचींत अधिक स्पष्ट दिसते. १८३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या माशांच्या वर्णनांत ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘मुसल्लाह’, ‘बोग्गट’, ‘सींगटी’ अशी नांवांची रांगच आहे, आणि ‘रोहटी’ हें तर एका संपूर्ण गणाचें नांव झालें आहे. ‘सींगटी’ म्हणजे आपली शिंगटी, हें ओळखावयास कोश नको. महाशीराच्या दख्खनी जातीला आजही जगभरचे शास्त्रज्ञ ‘टॉर खुद्री’ म्हणतात. आतां हे शब्द साइक्सला कोणीं सांगितले? ते अमरकोशांत नाहींत, दरबारी फारशींत नाहींत. भीमा-मुळेच्या डोहांत जाळें टाकणाऱ्या भोई-कोळ्यांच्या तोंडीं असणारे हे शब्द होत. म्हणून साइक्सच्या यादीच्या मागें कित्येक मराठी सांगणारे उभे आहेत, असें अनुमान करण्यास प्रत्यवाय नाहीं. यादीवर नांव साइक्सचें आहे. परंतु ते शब्द हीच त्या निनांवी माणसांची सही समजावी.

‘सारें ज्ञान साहेबानें आणिलें’ असें एक पक्ष म्हणतो. ‘सारें आमच्या ग्रंथांत होतेंच’ असें दुसरा म्हणतो. दोघांनींही ही यादी पाहिलेली नसते. साइक्सनें मोजमाप, तुलना व प्रसिद्धि यांची शिस्त आणिली. ओळख व नांव येथल्या माणसांनीं पुरविलें. दोन्ही मान्य करण्यांत कोणाचीच हानि नाहीं.

(४)

आतां संस्कृत परंपरेकडे वळूं. पक्ष्यांचें निरीक्षण आपल्या शास्त्रकारांनीं केलें होतें यांत संशय नाहीं. चरकसंहितेंत पक्ष्यांचे वर्ग त्यांच्या खाण्याच्या रीतीवरून पाडले आहेत : पायांनीं उकरून विखरून खाणारे ते विष्किर, चोंचीनें टोंचून खाणारे ते प्रतुद. लावा-तित्तिर पहिल्यांत, पारवा-पोपट दुसऱ्यांत. ज्यानें पक्षी चरतांना पाहिला नाहीं त्याला हा भेद सुचणार नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत खंजनाच्या प्रथमदर्शनाच्या शुभाशुभ फलांसाठीं स्वतंत्र अध्याय दिला आहे. खंजन म्हणजे आपला धोबी पक्षी. त्याच्या बहुतेक जाती पावसाळा सरतांना उत्तरेकडून येतात व उन्हाळ्यापूर्वीं परततात. फलज्योतिष बाजूस ठेविलें, तरी या पक्ष्याचें येणें ठराविक ऋतूंत होतें व त्याकडे लोक डोळे लावून बसत, ही नोंद त्या अध्यायानें जपून ठेविली आहे. आपल्याच दक्षिणेंत, कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वरानें ११३० च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासांत ससाण्यांची शिकार व लावकांच्या झुंजी यांचीं प्रकरणें आहेत. श्रीगोंदेकरांनीं तो ग्रंथ बडोद्याच्या ग्रंथमालेंत १९२५, १९३९ व १९६१ अशा तीन खंडांत संपादिला. हंसदेव या जैन पंडिताचें मृगपक्षिशास्त्र तर सर्वस्वीं याच विषयाला वाहिलेलें. त्याचा मराठी अनुवाद मारुती चितमपल्ली व भातंब्रेकर यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केला.

परंतु शब्द टिकला म्हणजे अर्थ टिकलाच असें नाहीं. अमरकोशांतील सिंहादिवर्गांत ‘भरद्वाज’ व ‘व्याघ्राट’ हे पर्याय दिले आहेत, आणि संस्कृत-इंग्रजी कोशकार त्याचा अर्थ चंडोल असा करितात. उलट मराठींत भारद्वाज म्हणजे तांबूस पंखांचा, काळ्या अंगाचा, लाल डोळ्यांचा, कुंपणांतून चालत जाणारा कुंभारकावळा. ज्याचें दर्शन आपल्याकडे शुभ मानितात तो. चंडोल आकाशांत उंच चढून गातो. कुंभारकावळा जमिनीलगत राहून घुमतो. एकाच शब्दाखालीं हे दोन पक्षी सुखानें नांदत आहेत. प्रस्तुत लेखकानें वर्गांत ‘भरद्वाज म्हणजे आपला भारद्वाज’ असें बेधडक सांगितलें आहे. तें सरसकट सांगणें चूक होतें. त्या त्या वाक्यांतील पक्षी उडतो कीं चालतो, गातो कीं घुमतो, हें पाहूनच अर्थ ठरविला पाहिजे. याच्या उलट ‘चाष’ हा शब्द पाहावा. मराठींत तो ‘चास’ या रूपानें त्याच निळ्या पंखांच्या पक्ष्यासाठीं कायम राहिला. टिट्टिभ व टिटवी, लाव व लावा यांचेंही तसेंच. कोणता शब्द स्थिर व कोणता चंचल, हें कोश सांगत नाहीं. पक्षी पाहिल्यावर कळतें.

(५)

येथें चित्राचा प्रश्न येतो. छायाचित्रकला येण्यापूर्वींही पुण्यास प्राण्यांचीं चित्रें काढलीं जात. गंगाराम तांबट यानें १७९० सालीं पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र काढलें. तें आतां अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. वन्य पक्ष्यांचीं छायाचित्रें घरट्याजवळ आडोसा उभारून, तासन्‌तास बसून काढण्याचे परिश्रम विसाव्या शतकांत बेट्स, लोथर आदि गृहस्थांनीं केले. लोथरचें त्याविषयींचें पुस्तक १९४९ सालीं निघालें. आज तें साधन खेड्यांतील तरुणाच्याही हातीं आलें आहे.

आमच्या भागाच्या दृष्टीनें याची आवश्यकता विशेष आहे. साइक्सच्या चार कलेक्टऱ्यांत निजामाचा मुलूख नव्हता. जेर्डन हा घोडदळाचा वैद्य पुढें जालन्याच्या छावणींत होता, व त्याची पक्षिसूची मद्रासच्या नियतकालिकांत १८३९-४० सालीं निघाली. त्यानंतर शिस्तशीर पाहणी झाली ती सालिम अली यांची. हैदराबाद संस्थानांत १९३१-३२ सालीं हिंडून त्यांनीं केलेली नोंद मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलांत १९३३-३४ सालीं छापली गेली. तेव्हां सेनगांव परभणी जिल्ह्यांत होतें. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. या सर्व याद्यांत पक्षी आहेत. परंतु कयाधू-पैनगंगेच्या कांठचे गुराखी, भोई व पारधी त्यांना काय म्हणत, हें त्यांत शोधावें लागतें. त्या वृद्धांपैकीं प्रत्येकजण जातांना आपला कोश बरोबर घेऊन जात आहे.

कागदाची पारख करितांना आपण मिति, स्थळ, हस्ताक्षर व शिक्का पाहतों. छायाचित्रासही तोच न्याय लावावा. तारीख, गांव, झाडाचें किंवा जागेचें नांव, काढणाराचें नांव आणि त्या जागींच्या माणसानें उच्चारलेलें पक्ष्याचें नांव, एवढें मागें लिहिलेलें असेल तर तें छायाचित्र अस्सल कागदाच्या योग्यतेचें होतें. नसेल तर तें केवळ शोभेचें चित्र.

(६)

शेवटीं हस्तलिखितांच्या संग्राहकांस विनंति. शकुनाच्या पोथ्या, वैद्यकाचे निघंटु, शिकारखान्याचे व बाजदारांचे मोडी हिशेब हीं बाडें बहुधा ‘किरकोळ’ या रुमालांत बांधून ठेविलेलीं असतात. त्यांत पक्ष्याचें नांव आढळल्यास तें मूळ शुद्धलेखनासह उतरून घ्यावें. ‘दुरुस्त’ करूं नये. ‘कुंडू’ व ‘अर्गुंडा’ या शब्दांचीं देवनागरी वा मोडी रूपें अशाच एखाद्या रुमालांतून निघण्याचा संभव आहे. तीं निघालीं तर साइक्सच्या कानावर पडलेला मूळ उच्चार दोनशें वर्षांनीं परत ऐकूं येईल.

त्या विद्यार्थ्यास उत्तर दिलें आहे. त्यानें छायाचित्रामागें तारीख, ‘कयाधूकांठ, बाभूळ’ आणि शेजारच्या शेतावरील म्हाताऱ्यानें सांगितलेलें ‘सुतार’ हें नांव लिहिलें. त्याखालीं ‘महरत्तेन्सिस, १८०१’ असें घातलें. यादीचें पहिलें पान झालें आहे.