गृहपाठातील आकड्यांचे पूर्वज

आमच्या महाविद्यालयात मराठी आणि संख्याशास्त्र या दोन विभागांना मिळून एकच स्टाफरूम आहे. त्यामुळे संतकवितेवरील निबंधांच्या गठ्ठ्यात अधूनमधून रिग्रेशनचे गृहपाठ मिसळतात. असाच एक कागद परवा आमच्या हाती आला. आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचे आकडे दिले होते. रेषा काढा, तिचा उतार सांगा, असा प्रश्न होता. हे आकडे कोणी, कधी, कशासाठी जमवले, याविषयी त्यात एक अक्षर नव्हते. लेखक आणि काळ वगळून संहिता शिकवण्याची सवय नसलेल्या आम्हांस ही गोष्ट खटकली, आणि आम्ही त्या आकड्यांचा माग काढला.

हे आकडे फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचे. १८८४ मध्ये त्याने बक्षिसे जाहीर करून कुटुंबांकडून त्यांच्या नोंदी मागवल्या. म्हणजे पहिला गृहपाठ विद्यार्थ्यांनी नव्हे, तर घराघरांतील माणसांनी केला! त्यांतून २०५ दांपत्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीचा तक्ता तयार झाला आणि १८८६ च्या निबंधात छापला गेला. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून त्याने ती पुरुषांच्या मापात आणली होती. त्याला आढळले ते असे : आईवडिलांची उंची सरासरीहून तीन इंच अधिक असेल, तर त्यांच्या मुलांची सरासरी सुमारे दोनच इंच अधिक भरते. या मागे परतण्याला त्याने 'रिग्रेशन' म्हटले. आज बाजारभावापासून पावसापर्यंत कशाचीही रेषा काढणाऱ्या पद्धतीला तेच नाव चिकटून आहे, मग तिथे कोणी मागे परतत असो वा नसो.

गंमत अशी, की हे परतणे उलट दिशेनेही दिसते. उंच मुले निवडून त्यांचे आईवडील पाहिले, तर तेही सरासरीच्या जवळच सापडतात. मुलांच्या उंचीने आईवडिलांची उंची ओढून खाली आणली, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा हा पिढ्यांना मागे खेचणाऱ्या कुठल्या शक्तीचा प्रताप नव्हे. दोन राशींचा संबंध अपुरा असला की असे होतेच. परंतु गाल्टनच्या निबंधाच्या शीर्षकात 'मीडिऑक्रिटी' हा शब्द होता. त्याला त्यातून मध्य अभिप्रेत होता, हे मान्य. तरी ज्या माणसाने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द घडवला आणि निवडक माणसांची पैदास वाढवावी असा विचार मांडला, त्याच्या लेखणीतून उतरलेला हा शब्द निरागस कसा मानावा?

पुढे १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कम्ब याने मुद्दाम रचलेले अकरा-अकरा बिंदूंचे चार संच प्रसिद्ध केले. चौघांची सरासरी सारखी, रेषाही जवळजवळ एकच. चित्र काढले की मात्र चार वेगळी रूपे. आकडेमोडीवर विसंबू नका, आधी पाहा, हा त्याचा धडा.

पण काही गोष्टी चित्रातही दिसत नाहीत. बॉस्टन परिसरातील ५०६ विभागांतील घरांच्या किमतींचा एक संच १९७८ च्या निबंधातून आला आणि पुढे असंख्य अभ्यासक्रमांचा गृहपाठ झाला. मूळ प्रश्न स्वच्छ हवेसाठी लोक किती किंमत मोजतात, हा. त्यात 'बी' नावाचा एक स्तंभ होता : वस्तीतील कृष्णवर्णीयांच्या प्रमाणातून ०.६३ वजा करून, वर्ग करून, हजाराने गुणलेली संख्या. प्रमाण ०.५३ असो वा ०.७३, उत्तर दहाच! मूळ आकडा त्यातून निश्चितपणे परत मिळवता येत नाही. शिल्लक राहते ते वर्ण आणि किंमत यांच्या नात्याविषयीचे निबंधकारांचे गृहीतक. 'सायकिट-लर्न' या लोकप्रिय संगणक-संग्रहाने २०२२ मध्ये हा संच काढून टाकला. तोवर किती विद्यार्थ्यांनी त्या स्तंभाचा सहगुणक निमूटपणे काढून पूर्ण गुण मिळवले असतील!

इथे आम्हांस इरावती कर्वे आठवतात. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण त्यांना शिकवतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, ही गुरूची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असे लिहिले. तो काही रिग्रेशनचा गृहपाठ नव्हता. पण दिलेल्या प्रश्नाचे गृहीतकच तपासणे म्हणजे काय, हे त्यातून कळते.

तो कागद आम्ही सहकाऱ्याला परत केला, तेव्हा समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहिला होता : 'ही माणसे कोण? त्यांना कोणी, कशासाठी मोजले?' सहकारी हसले. पुढच्या सत्राच्या गृहपाठात तो प्रश्न छापलेला होता, गुण दोन. आम्हांस ते कमी वाटले, पण सुरुवात म्हणून पुरेसे आहेत.