पाणबुडीची तोफ व सिंदिया कंपनीचीं दोन जहाजें

दुसऱ्या महायुद्धांतील पाणबुड्यांचा विषय निघाला म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें पाणतीरच उभा राहतो. तथापि व्यापारी जहाजांच्या नाशांत पाणबुडीच्या डेकवरील तोफेचाहि वाटा लहान नव्हता. याचें एक उदाहरण सोलापूरच्या एका सुपुत्राच्या उद्योगाशीं निगडित असल्यामुळें तें येथें नमूद करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म इ. स. १८८२ मध्यें सोलापुरांत झाला. १९१९ सालीं त्यांनीं नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साह्यानें सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली. तिचें पहिलें जहाज 'लॉयल्टी' हें ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून विकत घेतलेलें. कंपनीच्या नांवाचें मूळ तेंच. पुढें कंपनीच्या अनेक जहाजांचीं नांवें 'जल' या पदानें आरंभ होणारीं ठेवण्यांत आलीं. 'जलतरंग' व 'जलपालक' हीं त्यांपैकीं दोन होत.

शके १८६३ च्या माघ शुद्ध पक्षाच्या अखेरीस, म्हणजे जानेवारी १९४२ सरतां सरतां, मद्रासच्या पूर्वेस समुद्रांत 'आय-६४' या जपानी पाणबुडीनें हीं दोन्ही जहाजें लागोपाठ बुडविलीं. 'जलतरंग'वर पाणतीर व तोफ या दोहोंचा प्रयोग झाला. 'जलपालक' मात्र तोफेच्याच माऱ्यास बळी पडलें.

पाणतीर जवळ असतां तोफ कां वापरली? या जातीच्या पाणबुडींत अवघे चौदा पाणतीर मावत. ते संपले कीं तळावर परतल्यावांचून गत्यंतर नसे. उलट १२ सेंटिमीटर तोंडाच्या तोफेचे गोळे स्वस्त, आणि एका पाणतीराच्या जागेंत पुष्कळ मावणारे. मंदगति जहाजावर महाग अस्त्र खर्चूं नये, हा साधा हिशेब होय.

परंतु या काटकसरीस धोक्याची किंमत होती. तोफ चालविण्यास पाणबुडीला पृष्ठभागावर यावें लागे; गोलंदाज डेकवर चढत आणि गोळे खालून हातोहात वर येत. डेक पाण्यापासून फार उंच नसल्यामुळें लाटांत नेम साधणें कठीण जाई. शत्रूचा एकच गोळा कवचास भोंक पाडता, तर तिला पुन्हां बुडी मारणें अशक्य होई. म्हणूनच व्यापारी जहाजांच्या पिछाडीस तोफ बसविण्याची वहिवाट पडली. पाणबुडीवरील मशीनगन विमानांस दूर ठेवण्यास, तर बंदुका व पिस्तुलें परजहाजावर चढणाऱ्या तुकडीस उपयोगीं पडत.

येथें एक कायदेशीर मुद्दा लक्षांत घेण्यासारखा आहे. १९३० च्या लंडन नाविक तहाच्या २२ व्या कलमानें, प्रवासी, खलाशी आणि जहाजाचीं कागदपत्रें सुरक्षित स्थळीं पोंचविल्याखेरीज पाणबुडीनें व्यापारी जहाज बुडवूं नये, असें ठरलें होतें. थांबण्यास नकार देणारें वा प्रतिकार करणारें जहाज तेवढें अपवाद. जपानचीहि या तहास मान्यता होती. हा नियम पाळण्याचें साधन तोफ हेंच होय. कारण इशाऱ्याचा गोळा सोडून जहाज थांबवितां येतें, पाण्याखालून सुटलेला पाणतीर मात्र इशारा देत नाहीं. पण युद्धांत हा नियम सर्वच पक्षांनीं गुंडाळून ठेविला, आणि त्याच्या पालनास योग्य असें आयुध निव्वळ काटकसरीचें आयुध बनलें. स्वतः 'आय-६४' हिलाहि पुढें १७ मे १९४२ रोजीं 'ट्रायटन' या अमेरिकन पाणबुडीच्या पाणतीरानें जलसमाधि मिळाली.

कागदपत्रांस माणसांच्या जोडीनें स्थान देणारें हें कलम दप्तरें जमविणाऱ्यांस विशेष विचारणीय वाटेल. जहाजाबरोबर रोजनामा आणि खलाशांची यादी बुडाली, म्हणजे त्या माणसांचा इतिहास किनाऱ्यावरील पत्रांवर व नोकरीच्या दाखल्यांवरच अवलंबून राहतो. असे कागद कोणा संग्राहकाच्या हातीं आल्यास त्यांनीं ते क्षुल्लक मानूं नयेत. 'जहाज बुडालें' एवढी नोंद पुरी नव्हे. कोणत्या आयुधानें, कोणत्या दिवशीं व कोणा माणसांसह बुडालें, हें लिहिलें जाईल तेव्हांच ती नोंद इतिहासाच्या कामीं येईल.